कुलपाला बांधलेली किल्ली

शाळेतले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. खडूची भुकटी फळ्याखालच्या पट्टीत आपोआप साठते, तसे ते साठतात आणि कधीतरी कुणीतरी त्या पट्टीवरून बोट फिरवतं. गेल्या आठवड्यात तसंच झालं. घरी चहाला चार जुनी मंडळी आली होती. एकजण म्हणाला, "सर, ते कपाटाचं सांगा ना."

मी सांगितलं. मंडळी गेल्यावर सवयीप्रमाणे दाराची कडी तीनदा तपासली आणि मग विचार करत बसलो, की मी सांगितलं ते खरंच तसंच घडलं होतं का? पुढे मी डॉक्टरेट केली, कॉलेजात वरच्या वर्गांना शिकवलं, पण आपल्याला एखादी गोष्ट खात्रीनं माहीत आहे असं मला कधीच वाटलं नाही. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. तपशील चुकला असेल तर ती चूक माझी. मजा वाटली तर ती त्या माणसांची.

काळ एकाहत्तर-बहात्तरचा. सोनईच्या अलीकडे, सडकेला लागून आमचं हायस्कूल होतं. पत्र्याच्या पाच खोल्या आणि समोर एक लिंबाचं झाड. पुण्याहून एम.एस्सी. होऊन मी तिथे विज्ञान शिकवायला गेलो. सोबत एक ट्रंक होती, आणि ट्रंकेला दोन कुलपं.

*

हेडसरांनी पहिल्याच दिवशी मला प्रयोगशाळा आणि ग्रंथालय अशा दोन्ही विभागांचा प्रमुख केलं. मी भारावून गेलो. मग कळलं, की दोन्ही विभाग मिळून एकच लाकडी कपाट आहे.

वरच्या कप्प्यात प्रयोगशाळा होती. एक स्पिरिटचा दिवा, चार परीक्षानळ्या, एक लोहचुंबक आणि काटा अडकलेला व्होल्टमीटर. तो कशालाही न जोडता तीन व्होल्ट दाखवायचा. खालचे सगळे कप्पे ग्रंथालयाचे.

मी नगरहून पितळी कुलूप आणलं आणि शाळेचे शिपाई रंभाजीमामा यांच्या हातात दिलं. मामा शिंगणापूरचे. घरांना दारंच नसतात त्या गावात त्यांचा जन्म गेलेला; रोज तिथून सायकलवर यायचे. तान्ह्या मुलाला घ्यावं तसं त्यांनी ते कुलूप दोन्ही हातांत घेतलं.

"ह्ये कशासाठी, सर?"

चोरी होऊ नये म्हणून, असं मी सांगितलं. मामांनी वाकून कपाटात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कशाची?"

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली त्याच कुलपाला सुतळीनं बांधलेली होती. मामा खुशीत होते. लोकांची किल्ली हरवते, म्हणाले. आता आपली कधी हरवायची नाही. मी त्यांना कुलपामागचं तत्त्व चार वाक्यांत समजावून सांगितलं. त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी ज्याला उघडायचं हाय, त्याला उघडता येऊ न्हाई, असं व्हय?"

मी हो म्हणालो.

"मग कपाट तरी कशाला ठिवलं?"

पुढे मोठमोठ्या परीक्षकांपुढे बसलो, पण असा प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही. सुतळी तशीच राहिली.

*

आमच्याकडे वर्ग दहावीपर्यंतच होते. मॅट्रिक तेव्हा अकरावीला. गावात अकरावी काढायची तर सरकारी मान्यता हवी, आणि त्यासाठी तपासणीचे साहेब येऊन प्रयोगशाळा आणि ग्रंथालय बघणार होते. कधी येतील ते कळवत नसत. गाव त्यांना अजून 'दिपोटी' म्हणायचं. हेडसरांनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. 'ग्रंथालय' हा शब्द आल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दहावीत कौसल्या नावाची मुलगी होती. माझं फळ्यावर काही चुकलं तरी ती हात वर करायची नाही. नुसतं लिहिणं थांबवायची. तिचं लिहिणं थांबलं की मी वळून माझी चूक शोधायला लागायचो. वर्षभर माझं विज्ञान त्या मुलीच्या हातावर चालत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

एकदा तिचे वडील सोपानराव शेतातून थेट शाळेत आले. हातात विळा, त्याच्या मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सर, पोरगी हुशार हाय ती आमाला कळतं. पन तालुक्याला न्हाई धाडायची. हितं अकरावी निघाली तर शिकंल. न्हाई निघाली तर उन्हाळ्यात लगीन."

मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "बघतो मी." सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं आणि निघून गेले.

रंभाजीमामा दारात उभे होते. म्हणाले, "सर, तुमी बघतो म्हनला ना, तवा त्यो जास्तीच घाबारला."

*

शाळेला कुणीतरी एक ट्रान्झिस्टर भेट दिला होता. त्यावर शाळांसाठीचे पाठ लागायचे. सेल उतरले की मामा ते काढून कुंपणाच्या भिंतीवर उन्हात मांडायचे, पापड वाळत घालावेत तसे. तापले की त्यांच्यात थोडा जीव यायचा, आणि पुण्यातला एक गोड आवाज आमच्या लिंबाखाली येऊन बसायचा.

त्या दिवशी आवाजानं विचारलं, "मुलांनो, सांगा बरं, पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला किती दिवस लागतात?" आणि मुलांनी उत्तर द्यावं म्हणून तो थांबला.

मागच्या रांगेतून ठणठणीत उत्तर आलं, "एक!"

"शाबास," रेडिओ म्हणाला. "अगदी बरोबर."

सगळ्या वर्गानं वहीत 'एक' लिहिलं. मी उठून दुरुस्ती करायला लागलो. मुलं माझं ऐकत होती, पण डोळ्यांत दया होती. शेवटी एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण सर, ते सर पुण्याचे आहेत."

मी कौसल्याच्या वहीकडे पाहिलं. ती जागा तिनं कोरी सोडली होती. त्या जोरावर मी पुढचे आठ दिवस तीनशे पासष्टसाठी झगडलो. मात्र त्या रेडिओइतका दयाळू शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही. त्याच्या वर्गात कधीच कुणी चुकलं नाही.

*

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे दाखवायला आमच्याकडे काहीच साधन नव्हतं. पण प्रयोगाच्या खोलीच्या खिडकीची फळी जुनी होती आणि तिच्यातली एक गाठ निखळून बोराएवढं भोक पडलेलं होतं. भर दुपारी मी वर्ग आत घेतला, फटींत गोणपाट कोंबलं आणि मामांना दार लावायला सांगितलं.

मामांनी दार लावलं. लगेच उघडून विचारलं, "लागलं का, सर?" असं तीनदा झालं. दार लावण्याचा त्यांना सरावच नव्हता. चौथ्यांदा मी त्यांनाच आत घेतलं.

थोडा वेळ नुसता अंधार होता. मग समोरच्या चुन्याच्या भिंतीवर काहीतरी हलायला लागलं. वरून खाली आलेलं लिंबाचं झाड. पान न् पान हलत होतं, आणि आवाज नव्हता. खाली, जमिनीच्या जागी, फिकट निळं आभाळ. वर सडक. सडकेवरून एक बैलगाडी उलटी आली. बैलांचे पाय वर, चाकं वर, गाडीवानाचं मुंडासं खाली. ती भिंतीवरून सावकाश सरकत राहिली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

अंधारात मामांचा आवाज आला, अगदी हळू. "सर, गनपा उलटा चाललाय. त्याला सांगून येऊ का?"

कुणी हसलं नाही. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या मामा. चाललाय चांगला."

तास संपल्याची घंटा झाली नाही, कारण घंटा देणारे मामा आमच्यातच बसले होते. नियम सांगायचा होता, तो मी विसरलो. बाहेर आलो तेव्हा सरळ उभं झाडच मला जरा खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना काय शिकलात ते लिहायला सांगितलं. कौसल्यानं एकच ओळ लिहिली होती: बाहेर सगळं सरळ होतं, आत येताना उलटं झालं. याला दहापैकी किती गुण द्यावेत हे मी अजून ठरवलेलं नाही.

*

भूगोलाला गुंजाळ सर होते. शाळेत जगाचा एकच नकाशा होता आणि त्यातली दक्षिण अमेरिका उंदरांनी खाल्ली होती. महाराष्ट्राचा नकाशा तर नव्हताच. साहेब येणार म्हणून सगळे धास्तावलेले. पण गुंजाळ सर शांत. त्यांनी खो-खोच्या पाट्या आखायची फक्कीची गोण उचलली आणि वर्ग गावाच्या तळ्यावर नेला. तळं त्या साली आटून सपाट झालं होतं. तिथे त्यांनी सबंध महाराष्ट्र आखला, चांद्यापासून समुद्रापर्यंत.

मी बांधावर उभा राहून बघत होतो. प्रत्येक जिल्ह्यात एकेक मूल उभं केलेलं. वारा सुटला की पांढरी सीमा थोडी विस्कटायची, आणि सर फक्की घेऊन धावायचे. मध्येच मुंबईला घरून हाक आली, शेरडं सुटली म्हणून. मुंबई पळाली. सोलापूरनं ओरडून विचारलं, "सर, मुंबई ओस पडली, मी जाऊ का?" सर म्हणाले, "सगळेच तसं म्हणतात. तू आहेस तिथंच थांब."

कौसल्याला नगर दिलं होतं. पाहतो तो ती नगर सोडून पश्चिमेकडे चाललेली. पुणे ओलांडलं, घाट ओलांडला, आणि शेवटच्या पांढऱ्या रेघेपलीकडे भेगाळलेल्या चिखलात जाऊन उभी राहिली.

सर ओरडले, "अगं, तिथं समुद्र आहे."

"व्हय सर," ती तिथूनच म्हणाली. "बघून येते."

त्या दिवशी मी घरी जाऊन हिशेब केला. उन्हाळ्याला पाच महिने राहिले होते.

*

ग्रंथालयाचं खातं मी शिस्तीत चालवायचं ठरवलं होतं. पुस्तक कोणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं, असे सात रकाने आखून एक नोंदवही केली आणि मामांना दिली, कारण मधल्या सुट्टीत पुस्तकं तेच द्यायचे. मामांना अक्षरं जेमतेम येत. पुस्तकं ते रंगावरून आणि जाडीवरून ओळखायचे. मुलंही त्याच भाषेत मागायची: मामा, ते लाल जाड द्या.

महिन्यानं नोंदवही पाहिली. सातही रकाने कोरे होते.

कपाट उघडलं. पुस्तकांच्या ओळीत जिथे जिथे खाच पडली होती, तिथे काहीतरी ठेवलेलं होतं. एका खाचेत भोवरा. एकीत केसांची फीत. एकीत टोपी, एकीत काचेची बांगडी, एकीत विट्टी-दांडूतली विट्टी. मला वाटलं, कुणी माझी थट्टा करतंय.

मामांनी समजावून सांगितलं. पुस्तक न्यायचं, तर आपली एक वस्तू त्या जागी ठेवून जायचं. "वहीत नाव लिवलं की मानूस विसरून जातं, सर. वस्तू ठिवली की याद ऱ्हाती."

आणि पुस्तक आणलंच नाही तर?

"भवरा कोन सोडंल?"

साहेब येऊन नोंदवही मागतील, त्यांना काय दाखवायचं, असं मी जरा चिडूनच विचारलं. मामांनी विचार केला. म्हणाले, "भवरा दावू की."

मी ठरवलं, की एका रविवारी बसून सगळी वही स्वतःच भरून काढायची. किती रविवार आले आणि गेले. कधी वाटायचं, खोटं लिहू नये. कधी वाटायचं, लिहायलाच हवं. हे दोन्ही वाटेपर्यंत संध्याकाळ व्हायची.

*

दिवाळीनंतर दुष्काळ अंगावर आला. गावातली माणसं खडी फोडायच्या सरकारी कामावर जायला लागली आणि त्यांच्याबरोबर आमची मुलंही. वर्गात निम्मी बाकं रिकामी. मुलं आठवड्यातून एखाद-दोन दिवस यायची, मामांकडून पुस्तक घ्यायची आणि परत कामावर जायची. पुस्तकं तिकडेच हातोहात फिरत होती. कपाटात काय चाललंय हे बघायला मी हळूहळू भ्यायला लागलो आणि म्हणून बघेनासा झालो.

अशा एका दुपारी फाटकाशी जीप थांबली.

साहेब उंच, किडकिडीत, चष्मा लावणारे, मितभाषी. वर्गांत डोकावले, हजेरी पाहिली. दक्षिण अमेरिका नसलेल्या नकाशापुढे थोडे थांबले. व्होल्टमीटरवर टिचकी मारली; त्यानं तीन व्होल्ट दाखवले. मग म्हणाले, "ग्रंथालय."

मी किल्लीसाठी सगळे खिसे चाचपले. साहेबांनी हात लांब करून कुलपालाच लोंबणारी किल्ली धरली, सुतळीसकट फिरवली आणि कपाट उघडलं.

आत पुस्तकं नव्हती. सगळ्या कप्प्यांत मिळून एकच होतं, कोपऱ्यात पडलेलं, वेष्टन फाटलेलं, पहिली पानं गेलेलं. बाकी सगळ्या जागी वस्तू. भोवरे, बांगड्या, फिती, एक करदोडा, एकाच पायातलं पैंजण, एक घुंगरू, एक आरसा.

"ग्रंथालय कुठे आहे?" साहेबांनी मला विचारलं.

हेडसर भिंतीला टेकले. माझ्या डोळ्यांसमोर फक्त फक्कीची ती शेवटची रेघ होती आणि तिच्यापलीकडे उभी असलेली मुलगी. वाटलं, एका रविवारी बसलो असतो तर!

मामा पुढे झाले. "ह्येच की, सायेब."

साहेबांनी एक भोवरा उचलला. मामांनी लगेच सांगितलं, आठवीतल्या शिवाचा. हिरवं पातळ पुस्तक, वर बेडूक. बांगडी उचलली, ती मंजुळेची, राजाराणीचं जाड. आरसा उचलला, तोही सांगितला. साहेब एकेक वस्तू उचलत गेले, मामा सांगत गेले, कुठं अडखळले नाहीत. शेवटी खालच्या कप्प्यातून साहेबांनी एक विळा बाहेर काढला. मुठीला लाल चिंधी होती. मी तो ओळखला.

"हा कुठल्या विद्यार्थ्याचा?"

"इद्यार्थ्याचा न्हाई, सायेब. सोपानचा, कौसल्याच्या बापाचा. ताऱ्यांचं निळं पुस्तक नेलंय त्यानं. म्हनला, यंदा इळ्याला काम न्हाई, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. जेवायच्या सुट्टीत पोरगी वाचती आन् त्यो ऐकतो. आता खडीवरची समदीच ऐकत्यात."

मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

साहेबांनी विळा होता तसा, होता तिथे ठेवला. मग कोपऱ्यातलं ते फाटकं पुस्तक हातात घेऊन उभ्याउभ्या दोन पानं वाचली.

"हे न्यायचं असेल तर?"

"खून ठिवावी लागंल," मामा म्हणाले.

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"चष्मा नगा ठिवू, सायेब. वाचनार कशानं?"

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला, खिशातलं फाउंटन पेन काढलं, त्या कोपऱ्यात नीट आडवं ठेवलं, कपाट लावलं, कुलूप लावलं आणि पुस्तक घेऊन जीपमध्ये जाऊन बसले.

हेडसरांना तेव्हा कुठे वाचा फुटली. "अहो, पेन इथंच राहिलं. साहेब अहवाल लिहिणार कशानं?" मी कपाट उघडून पेन घेतलं आणि धावायला लागलो. मामांनी माझा दंड धरला. "पुस्तक आनू द्या, सर. मग देऊ."

दीड महिन्यानं पाकीट आलं. हेडसरांनी ते फोडलं, वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि माझ्या हातात दिलं. अहवाल पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत शिसपेन्सिलीनं लिहिलेला होता. मी आधी ग्रंथालयाचा रकाना शोधला. अक्षर बारीक आणि वळणदार होतं:

'तपासणीचे वेळी कपाट रिकामे आढळले. सबब अकरावीचे वर्गास मान्यता द्यावी.'